मायना सुचेना : चांगदेवांच्या कोऱ्या पत्राच्या निमित्ताने



सात आठवडे चिंतन लिहिलं नाही. हरिपाठाचा क्रम मधेच तुटला आणि तुमच्यापैकी कित्येकांनी "दादा, सगळं ठीक ना?" असं विचारलं. आता ठीक आहे. हरिपाठ सोमवारपासून, जिथे थांबलो तिथूनच पुढे सुरू करू. आज मात्र चांगदेव पासष्टी घेतोय. या सात आठवड्यांत मी ज्या एका गोष्टीशी झगडत होतो, तिला आधार मिळाला तो त्या पासष्ट ओव्यांचा आणि त्यांच्याआधी आलेल्या एका कोऱ्या कागदाचा. थोडं लांबेल. चहा घेऊन बसा. माझा बिनसाखरेचा.

झालं असं. ठाणे स्टेशनचा पूल चढताना छातीत दाब आला. दुखलं असं म्हणणार नाही. लॅपटॉपची बॅग कुणीतरी आतून छातीवर ठेवावी तसं वाटलं. वय ३६, सिगरेट नाही, म्हणजे ॲसिडिटीच असणार, असं निदान मीच करून टाकलं आणि खाली उतरून सोडा प्यायलो. मूर्खपणा होता. तुमच्यापैकी कुणाला असा दाब आला, सोबत घाम फुटला, दाब हाताकडे किंवा जबड्याकडे सरकला, तर सोडा पीत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. घरी पोचेपर्यंत माझा शर्ट ओला झाला होता. बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि एक शब्दही न बोलता खाली जाऊन रिक्षा थांबवली.

ईसीजीत थोडा फरक दिसला. मग ट्रोपोनिन. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात वाढतं. एकदा तपासतात, काही तासांनी पुन्हा तपासतात, कारण नुसत्या आकड्यापेक्षा तो चढतोय का, हे महत्त्वाचं. (आमच्याकडे सर्व्हरची मेमरी बघतात तसंच. एक रीडिंग काही सांगत नाही.) दुसऱ्या दिवशी उजव्या मनगटातून अँजिओग्राफी झाली. एका धमनीत ४० टक्के अडथळा निघाला. स्टेंट लागला नाही. गोळ्या, चालणं, मीठ कमी, आणि काही आठवडे घरी.

पण मी आतून हललो तो अँजिओग्राफीच्या टेबलावर नाही. त्याच्या आदल्या रात्री.

भरती करून घेताना सिस्टर फॉर्म भरत होत्या. जवळच्या नातेवाइकाचा नंबर विचारला, बायकोचा दिला. "अजून एक द्या. इथे जवळपास राहणाऱ्या कुणाचाही. मित्र असला तरी चालेल." आईबाबा आता गावाला असतात, भाऊ बंगळूरला. माझ्या मोबाइलमध्ये बाराशेच्या वर नंबर आहेत. मी खाली खाली सरकवत राहिलो. एसी रिपेअर. केबल. एचआर नवीन. एचआर जुनी. शाळेची व्हॅन. सिस्टर पेन धरून उभ्या. रात्री दोन वाजता ज्याला उठवायचा मला हक्क आहे असं ठाण्यात एक नाव सापडेना. शेवटी सोसायटीच्या सेक्रेटरींचा नंबर दिला. त्यांच्याशी माझं पार्किंगवरून वर्षभर भांडण चालू आहे.

ज्याचा नंबर द्यायला हवा होता तोही सरकवताना दिसला होता. 'फोर्थ सीट' या नावाने सेव्ह केलेला. बोट थांबलंही क्षणभर. पण नऊ वर्षं ज्याच्याशी बोललो नाही त्याचा नंबर आयसीयूच्या फॉर्मवर कुठल्या तोंडाने लिहायचा?

लोकलने न फिरणाऱ्यांसाठी सांगतो. तीन जणांच्या बाकावर चौथा माणूस कडेला अर्धा टेकतो, एक पाय बाहेर टाकून, दांडीला धरून. ती फोर्थ सीट. २००६ ते २०१० अशी चार वर्षं आम्ही दोघं रोज डोंबिवलीहून नवी मुंबईतल्या कॉलेजला एकत्र जायचो. ठाण्याला उतरायचं, धावत नऊ-दहा नंबर गाठायचा, ट्रान्स हार्बरची गाडी पकडायची. बाकावर जागा झाली की तो मला आत ढकलायचा आणि स्वतः चौथा बसायचा. म्हणायचा, "तुझी व्हायवा आहे, वाच." व्हायवा त्याचीही असायची. काकू, म्हणजे त्याची आई, कित्येकदा दोन डबे द्यायच्या. पहिल्या इंटरव्ह्यूच्या सकाळी मला टाय बांधून दिला तो काकांनी, कारण माझ्या बाबांनी जन्मात टाय बांधला नव्हता.

२०१६च्या जूनमध्ये काका गेले. हार्ट ॲटॅक, एका रात्रीत. कॉलेजच्या ग्रुपवर बातमी आली तेव्हा मी ऑफिसात होतो, त्या रात्री रिलीज होतं. मी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. खरं सांगायचं तर लिहिलंही नाही. वर कुणीतरी टाकलेलं कॉपी करून चिकटवलं. उद्या जाऊ म्हटलं. उद्या गेलो नाही. दहावं गेलं, तेरावं गेलं. महिना उलटल्यावर न जाण्याचं कारण एवढंच उरलं की मी आधी गेलो नव्हतो. आमच्या धंद्यात याला डेडलॉक म्हणतात. त्यातून प्रोग्राम आपणहून बाहेर येत नाही. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर अख्खी तरुण डोंबिवली नवे कपडे घालून जुन्या मित्रांना भेटायला लोटते. तेव्हापासून एकाही दिवाळीला मी तिथे गेलेलो नाही. तो दिसेल म्हणून.

डिस्चार्ज मिळून घरी आल्यावर त्याची चॅट उघडली. सगळ्यात खाली २०१६च्या त्या संध्याकाळचा त्याचा मेसेज होता. "उद्या सकाळी अकराला. येतोयस ना?" मी वाचलेला, उत्तर न दिलेला.

टाइप करायला घेतलं. "हाय." नऊ वर्षांनी हाय? पुसलं. "भावा," पुसलं, तो हक्क मी घालवला होता. "डिअर" लिहिलं तर ऑफिसची मेल वाटली. "सॉरी यार" हे तर सिनेमाला उशीर झाल्यासारखं. पाच दिवस हाच खेळ. पुढचा मजकूर मनात तयार होता. अडत होतं ते पहिल्या शब्दावर.

जुन्या मराठीत या पहिल्या शब्दाला मायना म्हणतात. तीर्थरूप बाबांस, चिरंजीव अमुक यास, अशी पत्राची सुरुवात. आपल्या पिढीला ते कर्मकांड वाटतं. पण मायन्याचं काम मोठं आहे. लिहिणारा कुठे उभा आहे आणि वाचणारा कुठे, हे तो पहिल्याच ओळीत ठरवतो. मोठ्याने लहानाला आशीर्वाद द्यायचा, लहानाने मोठ्याला नमस्कार करायचा. नातं धड असतं तेव्हा मायना हातातून आपोआप उतरतो. नातं मोडलं की लक्षात येतं, आपण त्याचे कोण हेच माहीत नाही.

इथे मला चांगदेव आठवले.

कथा तुम्हाला माहीत असेल, पण बहुतेक वेळा आपण तिचा शेवटचा भाग सांगतो : वाघावर बसून आलेले चांगदेव, समोरून चालत आलेली भिंत. आळंदीला गेलात तर ती भिंत आजही दाखवतात. त्याच्या आधीचा भाग माझ्या मते जास्त खोल आहे. चांगदेव तापीकाठचे योगी. आजच्या जळगाव जिल्ह्यात, मुक्ताईनगरजवळ, तापी आणि पूर्णा मिळतात तिथे चांगदेव नावाचं गाव आहे. परंपरा सांगते की योगबळाने ते चौदाशे वर्षं जगले. सिद्धी, शिष्य, कीर्ती सगळं होतं. त्यांच्या कानावर ज्ञानदेवांचं नाव आलं आणि भेटीआधी पत्र पाठवावं असं त्यांच्या मनात आलं. कागद घेतला आणि अडले. कशावर? मायन्यावर! चिरंजीव लिहावं तर हा विशीच्या आसपासचा मुलगा ज्ञानाने आपल्यापेक्षा मोठा. तीर्थरूप लिहावं तर वयाने आपण चौदाशे वर्षांनी मोठे. दोन्ही खरं, आणि दोन्ही एका ओळीत बसेना. तेव्हा त्यांनी कागद तसाच, कोरा, पाठवून दिला.

ही गोष्ट मी लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलो. प्रत्येक वेळी चांगदेवांच्या फजितीवर हसू यायचं. या वेळी बिछान्यात पडल्या पडल्या पहिल्यांदा जाणवलं की या माणसाने एक गोष्ट केली जी मला नऊ वर्षांत जमली नाही. त्याने पत्र पाठवलं. मायना सुचला नाही तरी पाठवलं. मी असतो तर "सुचलं की पाठवू" म्हणून कागद ड्राफ्टमध्ये ठेवला असता आणि अजून चौदाशे वर्षं काढली असती.

पत्र आळंदीला पोचलं तेव्हा भावंडांनी ते दोन तऱ्हांनी वाचलं. मुक्ताई म्हणाली, एवढी वर्षं तप करून हा कोराच राहिला. निवृत्तिनाथांना त्याच कोरेपणात शुद्ध जागा दिसली. यावर काही लिहिता येईल असं त्यांना वाटलं आणि त्यांनी ज्ञानदेवांना उत्तर लिहायला सांगितलं. आपण निवृत्तिनाथांचं वाचन उचलतो, कारण ते गोड आहे. माझं मत विचाराल तर मुक्ताईचं आधी ऐकावं. मी नऊ वर्षं गप्प राहिलो त्यात काही निर्मळ मौन नव्हतं, भित्रेपणा होता. तो तसा म्हटल्याशिवाय निवृत्तिनाथांच्या दाराशी जाता येत नाही. पुढे चांगदेवांनीही गुरू केलं ते मुक्ताईलाच, म्हणजे जिने टोचलं तिलाच.

आता उत्तराकडे येऊ. पासष्टी म्हणजे त्या कोऱ्या पत्राला ज्ञानदेवांनी दिलेलं पासष्ट ओव्यांचं उत्तर. आधुनिक पत्र समजून वाचायला गेलात तर चक्रावाल. कसे आहात नाही, इकडे सर्व क्षेम नाही, पत्र कोरं का पाठवलंत असा जाबही नाही. स्वस्ति म्हणून सुरुवात होते आणि सरळ तत्त्वाला हात घातला जातो. एकच वस्तू आहे. तीच दिसणारी होते, तीच पाहणारी होते. सोन्याचा दागिना झाला म्हणून सोनेपण मोडत नाही. आरशामुळे तोंड दोन ठिकाणी असल्यासारखं वाटतं, आरसा बाजूला केला तरी तोंड असतंच. निम्मी पासष्टी होऊन गेल्यावर ज्ञानदेव चांगदेवांना नावाने हाक मारतात आणि ती कशी, तर 'चांगया' अशी! चौदाशे वर्षांच्या योग्याला, घरातल्या माणसाला मारावी तशी. ज्या मायन्यापाशी चांगदेव अडले होते तो प्रश्न ज्ञानदेवांनी सोडवला नाही. त्यांनी तो बाजूला सारला. मोठा कोण, लहान कोण हा हिशेबच त्या हाकेत उरत नाही.

त्यानंतरच्या ओव्या मी सात आठवडे उशाशी ठेवल्या होत्या. ज्ञानदेव म्हणतात, माझं बोलणं तू ऐकणं म्हणजे तळहाताने स्वतःलाच मिठी मारणं. चवीने स्वतःची चव घ्यावी, उजेडाने उजेड पाहावा तसं. मीठ पाण्याची खोली मोजायला आत शिरतं आणि तेच विरघळतं, मग माप कोण घेणार? आणि शेवटाकडे ते म्हणतात की आपण दोघं एकमेकांसमोर धरलेले दोन डोळस आरसे आहोत. लिफ्टमध्ये समोरासमोर आरसे असले की आपण आत आत जात राहतो, पहिला कुठला आणि प्रतिबिंब कुठलं ते कळेनासं होतं, तसं काहीतरी.

पण एका जागी मी घसरलो, आणि तुम्हीही घसराल म्हणून सांगतो. ज्ञानदेव म्हणतात की तुला भेटावं असं वाटतं, पण भीती वाटते, कारण आपली भेट आधीच झालेली आहे, भेटायला गेलो तर ती सिद्ध भेटच मोडेल. हे वाचल्यावर माझ्यातला इंजिनिअर खूश झाला. वा! म्हणजे मित्राला भेटायची गरजच नाही. आपण एकच, क्षमा कोणी कोणाची मागायची? अद्वैताचं एवढं सोयीचं पांघरूण दुसरं नाही. तीन दिवस मी त्यात गुरफटून होतो.

तिसऱ्या रात्री बायकोला हे सगळं समजावून सांगितलं. ती इस्त्री करत होती. म्हणाली, "भेट झालेलीच होती तर ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्या लिहायची तसदी का घेतली?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे. भेट नित्य आहे असं ज्याला दिसतं तोही कागद भरतो, पाठवतो, आणि परंपरा म्हणते की चांगदेव त्यानंतर प्रत्यक्ष आले. तत्त्वात एक असणं हे व्यवहारात न जाण्याचं कारण होऊ शकत नाही. ज्याच्या वडिलांच्या अंत्ययात्रेला मी गेलो नाही त्याला "आपण दोघं आरसे" असं सांगणं हा उद्धटपणा झाला असता.

मग ठरवलं, व्हॉट्सॲप नको. हाताने लिहायचं. एक कारण व्यावहारिक होतं. तिथे निळी खूण आहे आणि 'टायपिंग' दिसतं. मला लिहून झाल्यावर त्याच्या बोटांवर नजर ठेवायची नव्हती. इनलँड पत्र पेटीत पडलं की आपल्या हातून सुटलं, पोचलं की नाही तेही कळत नाही. माझ्यासारख्या दर दोन मिनिटांनी स्टेटस तपासणाऱ्याला ती साधनाच आहे.

ठाण्याच्या पोस्टात चार इनलँड घेतली, अडीच रुपयाला एक. काउंटरवरच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं, "परीक्षेला आलंय का काही?" घरी येऊन लिहायला बसलो तर अक्षर भयंकर. मनगटावर सुईची काळीनिळी खूण अजून होती, शिवाय दहा वर्षांत सहीपलीकडे हाताने काही लिहिलं नव्हतं. तेव्हा दासबोध काढला. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अध्यात्माच्या ग्रंथात समर्थ चक्क सांगतात की अक्षर गोल असावं, ओळी सरळ असाव्यात, शाई काळी असावी. त्यातली एक सूचना मला फार आवडते. तरुणपणी बारीक अक्षर काढण्याची हौस असते, पण ते म्हातारपणी वाचता येत नाही, म्हणून मध्यम अक्षर काढावं. पुढे डोळे कमजोर होतील तेव्हाही वाचता यावं, एवढ्या लांबचा विचार. मी मोठं अक्षर काढलं. कशामुळे कोण जाणे, पण मनात होतं की काकूंनीही वाचलं तर वाचता यावं.

जाता जाता, पत्त्यावर ४२१२०१ लिहिताना आठवलं. ही सहा आकडी पिनकोडची पद्धत ज्यांनी बसवली ते श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. १५ ऑगस्ट १९७२ला ती सुरू झाली. सारख्या नावांच्या गावांत पत्र चुकू नये म्हणून. कवीने केलेलं सर्वांत उपयोगी काम कुठलं असं विचारलं तर मी हे सांगेन.

मायन्याची जागा मी कोरी सोडली. चांगदेवांची नक्कल म्हणून नाही, खरंच सुचला नाही म्हणून. खालच्या ओळीपासून सुरुवात केली. काय लिहिलं ते सगळं इथे सांगणार नाही, पण ज्यांना असं पत्र लिहायचं असेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पहिल्या कागदावर मी सात ओळी रिलीजबद्दल लिहिल्या होत्या. तो फाडला. दुसऱ्यावर सगळं दुखणंच होतं : छाती, ट्रोपोनिन, ४० टक्के. तोही फाडला. आजारी माणसाला लोक दयेपोटी माफ करतात. आपलं दुखणं समोर ठेवून माफी वसूल करणं बरं नव्हे. शिवाय हार्ट ॲटॅकने वडील गेलेल्या मुलाला आपल्या ईसीजीची वर्णनं लिहायची? तिसऱ्यावर लिहिलं ते असं. काका गेले तेव्हा मी आलो नाही. ऑफिसात काम होतं हे खरं, पण ते कारण नव्हतं. त्या घरात येऊन काय बोलायचं हे मला माहीत नव्हतं आणि मी पळालो. तुझ्या मेसेजला उत्तर दिलं नाही. काकांनी बांधलेल्या टायची गाठ मी दोन वर्षं सोडली नव्हती, तशीच डोक्यावरून काढायचो आणि घालायचो. हे त्यांना सांगायचं राहिलं. दुखण्याची एकच ओळ ठेवली : मागच्या महिन्यात हॉस्पिटलात दुसरा नंबर विचारला तेव्हा तुझा आठवला, पण देता आला नाही. उत्तर दे असं लिहिलं नाही.

बाकीची तीन इनलँड इतर तिघांना लिहिली, कॉलेजच्याच. त्यांच्याशी भांडण नव्हतं, नुसतं बोलणं आटलं होतं. असं अचानक पत्र आलं तर माणसाला विचित्र वाटेल, काही मागायला आला असं वाटेल, ही धास्ती होतीच. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरच प्रयोग केले आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध केले. जुन्या ओळखीच्या माणसाला आपण आठवण काढून चार शब्द पाठवले तर त्याला किती बरं वाटेल, याचा अंदाज पाठवणारे नेहमी कमी करतात. आणि समोरच्याला ते जितकं अनपेक्षित, तितकं त्याचं मोल जास्त. हे वाचून धीर आला. (संतांनी सांगितलेलं पटायला मला अजून रिसर्च पेपर लागतो. चालायचंच.) तसं पाहिलं तर ज्ञानदेवांच्या समाधीचा प्रसंग आज आपल्यासमोर उभा राहतो तो नामदेवांच्या नावाने आलेल्या अभंगांमुळे. मित्राच्या हातचं लिहिणं किती टिकतं, याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

नाशिकचं पत्र परत आलं, वर पोस्टमनचा शेरा : घर सोडून गेले. पुण्याच्या मित्राने अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला, त्यातली पहिली दोन मिनिटं तो नुसता हसत होता. इनलँड फाडताना त्याने मधला मजकूरही फाडला म्हणे, कुठल्या बाजूने उघडतात ते विसरला होता. तिसरं अजून कुठेतरी वाटेत आहे.

डोंबिवलीहून अठरा दिवस काही नाही. पहिला आठवडा मी रोज खाली उतरून पत्रपेटी बघायचो. वॉचमनने विचारलं, "साहेब, कोर्टाची नोटीस यायचीय का?" दुसऱ्या आठवड्यात कमी केलं. मनाला पासष्टी सांगून पाहिली, भेट झालेलीच आहे वगैरे. मन ऐकेना. मग सकाळी चालताना नुसता जप करायचो, पत्राचं नाव काढायचं नाही असं ठरवून, आणि अर्ध्या वाटेत त्याचंच नाव यायचं.

एकोणिसाव्या दिवशी इनलँड आलं. अक्षर त्याचं नव्हतं. मोठं, थोडं थरथरतं, पण ओळी सरळ. काकूंचं. पहिली ओळ : चि. आणि पुढे माझं घरचं नाव, जे आईशिवाय आता कुणी घेत नाही. अनेक उत्तम आशीर्वाद.

नऊ वर्षं मला जो मायना सापडत नव्हता तो काकूंनी एका अक्षरात लिहून टाकला होता. ते अक्षर वाचून मी जिन्यातच बसलो. वर जायला दहा मिनिटं लागली.

पत्र लहान आहे. तब्येत कशी आहे. मुलगी कितवीत गेली. टायचं वाचून हसू आलं आणि मग रडू आलं. हे असते तर तुला ओरडले असते, गाठ रोज सोडायची असते, कापड खराब होतं. यंदा कैरीचं लोणचं चांगलं मुरलंय, पाठवलं असतं, पण तुझं मीठ बंद आहे का? डॉक्टरांना विचारून कळव.

खाली, घडीच्या कडेला, वेगळ्या पेनाने त्याच्या दोन ओळी. "बाबांचं समोर बोलू. पत्रात नको. रविवारी मी घरी असतो."

म्हणजे माफ केलं का? माहीत नाही. तसं त्यात कुठे लिहिलेलं नाही, आणि मी ते पत्र बऱ्याच वेळा वाचलंय. 'समोर बोलू' यात राग असू शकतो. असायलाही हवा.

डॉक्टरांना विचारलं. लोणच्याची एक फोड, रोज नाही, आठवड्यातून एकदा, असं म्हणाले. काकूंना तसं कळवलंय, इनलँडवरच. या वेळी वर 'तीर्थरूप काकूंस' असं लिहिलं, हात अडला नाही. त्याच्यासाठी त्याच कागदाच्या कडेला लिहिलं : रविवारी अकराला येतो.

उद्या रविवार. सकाळी गाडीला गर्दी कमी असते, बसायला मिळेल. पासष्टीचं छोटं पुस्तक पिशवीत टाकलंय, वाचायला म्हणून नाही, असू दे म्हणून. आणि तो टाय कपाटातून काढलाय. गाठ अजून तशीच आहे.

राम कृष्ण हरी.